आधी रोजकीर्द, मग वेळापत्रक

‘पहाटे पाचला उठा, आयुष्य बदलेल’ असं सांगणारा कुणी भेटला की त्याला एकच विचारा. तुमच्या घरी सकाळचा डबा कोण करतं?

ज्याच्या हातात उठल्या उठल्या आयता चहा येतो त्याचे पाच वेगळे आणि जिला उठल्या उठल्या कणीक मळायला घ्यावी लागते तिचे पाच वेगळे. पहिल्याला त्या वेळात ध्यान करता येतं, व्यायाम करता येतो, दहा पानं वाचता येतात. दुसरीला भाजी फोडणीला टाकता येते. केंद्र सरकारच्या सांख्यिकी खात्याने २०२४ साली लोकांचा दिवस कुठे जातो याची देशभर पाहणी केली. घरकाम करणाऱ्या बायकांची त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं जातात आणि जे पुरुष घरकाम करतात त्यांची ८८. मुलांचं आणि आजाऱ्यांचं करणं यात धरलेलं नाही, ते वेगळं मोजलं आहे. जिचे जवळजवळ पाच तास असे जातात तिच्यापुढे ‘सकाळचा पहिला तास फक्त स्वतःसाठी’ असं छापलेली डायरी ठेवणाऱ्याने तिचं घर पाहिलेलं नाही.

पाचला उठणाऱ्या बायका आपल्याकडे काही कमी नाहीत. कित्येक गावांत नळाला पाणीच मुळी पहाटे येतं आणि तेही तासभर. हंडे-कळशा भरण्यात पिढ्या गेल्या. पाचला उठल्याने त्यांचं आयुष्य बदललं नाही. दिवसभर पाणी आलं असतं तर बदललं असतं.

असल्या सल्ल्यांची मला चीड आहे, कारण त्यांतून चांगल्या, कामसू माणसांच्या मनात एक अपराधी भावना रुजते. नोकरी, सासूबाईंच्या गोळ्या, मुलाची शाळा, घराचा हप्ता असं सगळं वर्षानुवर्षं बिनबोभाट सांभाळणारी माणसं मला सांगतात, ‘माझ्यात शिस्तच नाही हो, मी फार आळशी आहे.’ का? तर जानेवारीत घेतलेली डायरी संक्रांतीनंतर कोरी राहिली. फोनवर उतरवलेलं कामांच्या यादीचं ॲप पंधरा दिवसांत नको झालं. नव्याचे नऊ दिवस संपले आणि दहाव्या दिवशी माणसाने दोष स्वतःकडे घेतला. त्या डायरीचा, त्या ॲपचा दोष असू शकतो हे त्याच्या मनात येत नाही. ते यावं म्हणून हे लिहिते आहे.

दिवस आखायच्या या पद्धती आल्या कुठून ते एकदा पाहायला हवं. पंचवीस मिनिटं काम आणि पाच मिनिटं विश्रांती, ही ‘पोमोदोरो’ पद्धत आज जगभर शिकवली जाते. १९८० च्या दशकाच्या अखेरीस इटलीत फ्रान्चेस्को चिरिल्लो नावाचा एक विद्यार्थी अभ्यासात मन लागत नाही म्हणून हैराण झाला होता. त्याने स्वयंपाकघरातलं टोमॅटोच्या आकाराचं गजराचं घड्याळ आणून टेबलावर ठेवलं आणि तेवढा वेळ तरी नेटाने बसायचं ठरवलं. इटालियनमध्ये टोमॅटोला पोमोदोरो म्हणतात. एक मुलगा, एक टेबल, एक पुस्तक, आणि त्याची स्वतःची अडचण. त्या अडचणीवर त्याने स्वतः काढलेला तोडगा उत्तम होता. पण मी बावीस वर्षं मुद्रितशोधन करते. सोळा पानांचा एक फर्मा हातात घेतला की पहिली पंधरा मिनिटं नुसती त्या लेखकाच्या भाषेत शिरण्यात जातात. मागे कुठे ‘तिथे’ लिहिलं होतं आणि कुठे ‘तेथे’, नायिकेच्या मामाचं नाव पान चाळीसवर काय होतं, हे सगळं डोक्यात एकत्र धरून ठेवावं लागतं. पंचविसाव्या मिनिटाला घंटा वाजली की ती मोट सुटते. आणि माझ्या शेजारची, दोन वर्षांचं मूल कडेवर घेऊन शिवणकाम करणारी बाई? तिला सलग पंचवीस मिनिटं मिळाली तर तो तिचा सणच.

दुसरं मोठं नाव डेव्हिड ॲलन या अमेरिकी गृहस्थांचं. ‘गेटिंग थिंग्ज डन’ हे त्यांचं पुस्तक २००१ साली आलं. डोक्यात घोळणारं प्रत्येक काम बाहेर काढा आणि कागदावर उतरवा, हे त्यातलं सांगणं सोळा आणे खरं आहे. पुढे २०११ साली मासिकाम्पो आणि बाउमायस्टर या दोन मानसशास्त्रज्ञांनी प्रयोगांतून दाखवलं की, अर्धवट राहिलेलं काम मनात टोचत राहतं आणि ते कधी, कसं करायचं याचा नेमका बेत ठरला की टोचणी थांबते. काम पुरं व्हावंच लागतं असं नाही. रात्री दीडला ‘लाइट बिल राहिलं’ म्हणून जाग येणाऱ्या माणसाने उशाशी कागद-पेन्सिल ठेवावी, एवढं तर मीही सांगेन. पण ॲलन यांच्या पद्धतीचा पुढचा भाग म्हणजे ठिकाणांप्रमाणे वेगवेगळ्या याद्या, प्रत्येक कामाची छाननी, आठवड्यातून एकदा निवांत बसून सगळ्याचा आढावा. ज्याच्या टेबलावर दिवसभर कागद येऊन पडतात आणि त्यातलं कुठलं काम कधी करायचं हे ठरवायची मुभा ज्याला असते, अशा साहेबासाठी ते आहे. बँकेच्या खिडकीवर बसणाऱ्याला ती मुभा नाही. त्याच्यासमोर रांग असते आणि रांगेतलं पुढचं माणूस हेच त्याचं पुढचं काम असतं.

या दोघांत खोट नाही. त्यांनी आपापल्या कामाला साजेशी घडी बसवली. खोट आहे ती त्यांची घडी सगळ्यांच्या अंगाला बसते असं सांगून विकणाऱ्यांत, आणि ती बसली नाही तर ‘तुम्ही मनापासून केलं नाहीत’ असं वर ऐकवणाऱ्यांत.

आता माझ्या भाचीची गोष्ट सांगते, कारण सगळा विषय तिच्या भिंतीवर मांडलेला होता.

ती पुण्यात राहून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते. तिघी मुली एका खोलीत. गेल्या पावसाळ्यात तिच्याकडे गेले तेव्हा पलंगाशेजारच्या भिंतीवर वेळापत्रक चिकटवलेलं होतं. पहाटे साडेपाच ते रात्री अकरा. राज्यघटना हिरव्या रंगात, भूगोल निळ्या, बुद्धिमापन केशरी, चालू घडामोडी लाल. पट्टीने आखलेल्या रेघा. मी बेरीज केली, अभ्यासाचे तेरा तास भरले. कागदाचा एक कोपरा सुटला होता. तो दाबायला गेले तर खाली आणखी एक वेळापत्रक. त्याच्या खाली आणखी एक. चार होती.

मी म्हटलं, ‘अगं, जुनी काढली का नाहीस?’

ती म्हणाली, ‘मावशी, ओढली की भिंतीचा रंग निघतो. मालकीणबाई ओरडतात.’

मग थोडं थांबून म्हणाली, ‘वेळापत्रक केलं ना, की त्या दिवशी इतकं हलकं वाटतं. अभ्यास झाल्यासारखाच वाटतो.’

‘आणि दुसऱ्या दिवशी?’

‘दुसऱ्या दिवशी दहालाच मी मागे पडलेली असते. मग वाटतं, आजचा दिवस तर गेलाच. उद्यापासून नीट करू.’

इतकं स्वच्छ निदान मी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही. वेळापत्रक आखताना माणूस उद्याच्या स्वतःला भेटत असतो. त्या उद्याच्या माणसाला झोप येत नाही, त्याचं डोकं दुखत नाही, त्याला आईचा फोन येत नाही. भाचीने दुपारच्या जेवणाला वीस मिनिटं लिहिली होती. मेसला नुसतं जाऊन यायलाच पंचवीस लागतात. तिघींत एक न्हाणीघर, त्याची रांग कागदावर नव्हती. कपडे धुणं नव्हतं. पाळी नव्हती. ‘आजचा दिवस गेलाच’ हे वाक्य अशाच हिशेबातून येतं. कागदच खोटा, त्यावर चालणारी मुलगी दहा वाजता हरणारच.

याचा अभ्यासही झालेला आहे. डॅनिएल काहनेमन आणि आमोस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ साली हा दोष नेमका दाखवून दिला: माणूस स्वतःच्या कामाला लागणारा वेळ सातत्याने कमी धरतो, आणि मागचा अनुभव डोळ्यांसमोर असूनही धरतो. १९९४ साली रॉजर ब्यूलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पदवीचा प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना विचारलं, किती दिवस लागतील? सरासरी उत्तर आलं ३४ दिवस. सगळं वाईटात वाईट घडलं तर? ४९ दिवस. प्रत्यक्षात लागले ५५. मला यातला ४९ चा आकडा महत्त्वाचा वाटतो. वाईटात वाईट काय होईल याचा विचार करायला बसवलं तरी माणूस वास्तवाच्या अलीकडेच थांबतो. तेव्हा ‘थोडा जास्त वेळ धरा’ या सल्ल्याने हे सुटत नाही. अंदाज बांधणंच काही दिवस बंद करावं लागतं.

तेच आम्ही केलं. भाचीला मी म्हटलं, आठ दिवस काहीही आखायचं नाही. काय करायचंय ते लिहू नकोस, काय झालं तेवढंच लिही. मीही लिहिते.

साधी शाळेची वही घेतली. माझ्या वहीतला एक सोमवार असा आहे. १०.२० फर्मा ७, पान ९७. १०.३५ फोन, मुखपृष्ठाबद्दल. १०.४५ पुन्हा ९७. ११.१० कुरियर. ११.१५ ते १२.२५ पान १११ पर्यंत, मध्ये कुणी नाही. १२.२५ गॅसवाला. १२.४० पान ११२, फर्मा संपला. दुपारी ३ ते ४.३० फर्मा ८ तीन वेळा हातात घेतला आणि तीन वेळा ठेवला, दोन चुका डोळ्यांदेखत सुटल्या त्या रात्री सापडल्या. रात्री ९ ते १०.१० फर्मा ८, अर्ध्याहून जास्त.

आठवडा संपला तेव्हा मला दोन गोष्टी समजल्या ज्या बावीस वर्षांत समजल्या नव्हत्या. सोळा पानांच्या फर्म्याला एक तास लागतो असं मी लोकांना सांगत आले होते. साध्या कथेच्या फर्म्याला मला एक तास पन्नास मिनिटं लागतात आणि तळटीपांचा लेख असेल तर दोन तास चाळीस. आणि दुपारी तीन ते पाच या वेळात माझे डोळे प्रुफं वाचायच्या लायकीचे नसतात. त्या वेळात मी दरवर्षी दिवाळी अंकाचे सर्वांत अवघड लेख घेऊन बसत होते, कारण तेव्हा घरात शांतता असते. शांतता होती, नजर नव्हती. आता तीन ते पाच मी बिलं करते, फोन करते, भाजी आणते. प्रुफं सकाळी आणि रात्री. दिवसाला हाती येतात खरे सव्वातीन तास, जास्त नाहीत.

भाचीच्या वहीत चांगल्यात चांगल्या दिवशी सहा तास चाळीस मिनिटं अभ्यास निघाला. एरवी पाचच्या आसपास. ती हिरमुसली. मी तिला सांगितलं, आणि इथे पुन्हा सांगते: मन लावून केलेला सहा तासांचा अभ्यास ही फार मोठी गोष्ट आहे. तेरा तासांच्या कागदाने तुझे हे सहा तास तुझ्याचपासून लपवून ठेवले होते.

ही काही मी शोधलेली युक्ती नव्हे. ती आपल्याकडे शतकानुशतकं होती आणि तिला नावही आहे. रोजकीर्द. जुन्या पद्धतीच्या दुकानात दोन वह्या असतात. जे घडलं ते घडलं त्या क्रमाने, त्याच दिवशी, रोजकीर्दीत. मग त्यावरून ज्याच्या त्याच्या खात्यावर, खतावणीत. मराठ्यांच्या राज्याचा हिशेब असाच चाले. पुण्याच्या पेशवे दप्तरात रोजकीर्दी मोडीत लिहिलेल्या आहेत, रुमालांत बांधलेल्या. कुठल्याही कारकुनाने आधी खतावणी लिहून मग रोजकीर्द तिच्याशी जुळवायचा खटाटोप केला नसता, त्याला तो अपहार वाटला असता. आपण वेळेच्या बाबतीत नेमकं तेच करतो. दिवस आधी लिहून ठेवतो आणि मग जगणं त्याच्याशी जुळत नाही म्हणून रडतो.

आणि चालू असलेली, यशस्वी पद्धत पाहायची असेल तर स्वयंपाकघरात जा. भिंतीवर कॅलेंडर असेल. जयंतराव साळगावकरांनी १९७३ साली ‘कालनिर्णय’ काढलं ते पंचांग घरोघरी सोपं करून पोचवायला. बायकांनी त्याचं घरच्या कामांचं दप्तर केलं. आमच्या घरच्या पानावर या महिन्यात काय आहे ते पाहून लिहिते. ३ तारखेला ‘गॅस लावला’. ५, ६ आणि ११ ला ‘बाई खाडा’. ८ ला ‘दूध १ ली. जास्त’, त्या दिवशी पाहुणे होते. १४ ला ‘बाबा डोळे ११ वा.’. २० ला चतुर्थीच्या छापील चंद्रोदयाखाली ‘लाइट बिल’. शेजारी खिळ्याला सुतळीने पेन्सिल बांधलेली आहे. ती पेन्सिल फार महत्त्वाची. पेन शोधायला जावं लागलं असतं तर यातली एकही नोंद झाली नसती.

हे का टिकतं? जिथे काम होतं तिथेच कॅलेंडर लटकलेलं असतं, उघडावं लागत नाही. घरातला कुणीही वाचू शकतो आणि कुणीही लिहू शकतो. चौकोन एवढासा असल्याने त्यात तीन शब्दांपलीकडे महत्त्वाकांक्षा मावत नाही. झालेलं आणि करायचं एकाच जागी दिसतं, त्यामुळे मागचा सिलिंडर किती दिवस पुरला हे पाहून पुढचा कधी नोंदवायचा ते कळतं. म्हणजे अंदाज मागच्या नोंदीवरून, इच्छेवरून नाही. आणि चार दिवस काही लिहिलं नाही तर ते चार चौकोन तुमच्याकडे रागाने पाहत नाहीत. बाजारातल्या डायऱ्या आखणाऱ्यांनी हे पान समोर ठेवून बसावं.

नव्या सवयीबद्दलही असंच एक खोटं पसरलेलं आहे, ती एकवीस दिवसांत लागते असं. लंडनमध्ये फिलिपा लॅली यांनी ९६ जणांवर अभ्यास केला. सवय अंगवळणी पडायला माणसागणिक १८ पासून २५४ दिवसांपर्यंत लागतील असा हिशेब निघाला, मधला आकडा ६६. मधला एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडत नाही, हेही त्यांना आढळलं. ‘आजचा दिवस गेलाच’ म्हणणाऱ्या प्रत्येक मुलीच्या खोलीत हे वाक्य लावायला हवं.

आपल्या कामाप्रमाणे आपली घडी आपणच बसवणारी माझी एक वहिनी आहे, रुग्णालयात परिचारिका. मॉर्निंग, इव्हिनिंग, नाइट अशा पाळ्या. तिला सोमवारपासून सुरू होणारी कुठलीही डायरी निरुपयोगी, कारण तिचा आठवडा साप्ताहिक सुट्टीनंतर सुरू होतो आणि ती सुट्टी फिरती. ड्यूटीचा तक्ता लागला की ती फक्त त्याच्या समासात लिहिते. नाइटच्या दुसऱ्या दिवशी ती स्वतःला एकही काम लावत नाही, मुलांच्या शाळेत बैठक असली तरी. दादा जातो.

तिच्याकडूनच मला शस्त्रक्रियेच्या तपासणी-यादीबद्दल कळलं आणि मग मी त्यावर वाचलं. अतुल गावंडे हे अमेरिकेतले शल्यविशारद; त्यांचे वडील महाराष्ट्रातल्या एका खेड्यातून तिकडे गेलेले. जागतिक आरोग्य संघटनेसाठी त्यांच्या गटाने भूल देण्याआधी, छेद घेण्याआधी आणि रुग्णाला शस्त्रक्रियागृहाबाहेर नेण्याआधी तपासायच्या १९ मुद्द्यांची यादी केली. नवी दिल्लीसह जगातल्या आठ शहरांतल्या रुग्णालयांत ती वापरून पाहिली. २००९ साली निष्कर्ष छापून आले: मृत्यूंचं प्रमाण दीड टक्क्यावरून ०.८ टक्क्यावर आलं. माणसं वाचवणारी ही यादी. आणि त्या कागदाच्या तळाशी छापलेलं आहे की, ही परिपूर्ण नाही, आपापल्या ठिकाणच्या कामाप्रमाणे तिच्यात भर घाला, बदल करा. ज्या कागदावर जीव अवलंबून आहे तो कागद म्हणतो मला बदला. आणि तीनशे नव्व्याण्णव रुपयांची डायरी म्हणते तू बदल!

आता थोडं साहेबलोकांशी.

एका नातेवाइकाच्या कंपनीत ‘वेळेचं नियोजन’ या विषयावर कार्यशाळा झाली. शनिवारी, त्यांच्या सुट्टीच्या दिवशी. त्या कंपनीत रोज साडेअकराला बैठक असते आणि ती पाऊण तास चालते. रात्री अकरा वाजता व्हॉट्सॲपच्या गटावर काम येतं आणि सकाळी ‘पाहिलं नाही का?’ असं विचारलं जातं. अशा ठिकाणी एखाद्याने कितीही शहाणपणाने दिवस बसवला तरी तो बसणार नाही. प्रोग्रॅमर आणि निबंधकार पॉल ग्रॅहम यांनी २००९ साली एका छोट्या लेखात लिहिलं होतं की, व्यवस्थापकाचा दिवस तासातासाच्या खणांचा असतो आणि काही घडवणाऱ्याचा अर्ध्या अर्ध्या दिवसाच्या खणांचा. मधोमध पडलेली एक बैठक व्यवस्थापकाचा एक तास खाते, घडवणाऱ्याची अख्खी सकाळ. त्याच वर्षी सोफी लरॉय यांचं संशोधन आलं: एक काम अर्धवट टाकून दुसऱ्याकडे वळलं की मनाचा एक भाग मागेच अडकून राहतो आणि दुसरं काम त्यापायी बिघडतं.

तेव्हा साहेब, कार्यशाळेचे पैसे वाचवा. बैठक दुपारी तीनला घ्या. सकाळचे दोन तास कुणाला हाक मारू नका. रात्री आठनंतर गटावर काही टाकू नका, आणि टाकलंत तर उद्या सकाळी दहाच्या आत त्याबद्दल विचारू नका. तुमच्या हाताखालच्या माणसांची शिस्त यातल्या प्रत्येक गोष्टीने वाढेल, आणि यातल्या एकाही गोष्टीला खर्च नाही.

बाकीच्यांना मी काय सांगू? पद्धत सांगणार नाही. माझी पद्धत माझ्या डोळ्यांवर, माझ्या दारावरच्या कुरियरवर आणि रात्री नऊला शांत होणाऱ्या माझ्या घरावर बेतलेली आहे. तुम्हाला ती लागू पडायचं कारण नाही. फक्त आठ दिवस लिहा. वही नको असेल तर कॅलेंडरच्या चौकोनात लिहा, पेन्सिल बांधून ठेवा. झालेलं काम आणि लागलेला वेळ, बास. आठ दिवसांत एखादा दिवस पार विस्कटलेला असेल, मूल तापाने फणफणलेलं असेल किंवा लोकल बंद पडलेली असेल. तो दिवस गाळू नका. पुढे जी काही घडी बसवाल ती त्या दिवशीही तग धरेल का, हे त्या पानावरून तपासा. आणि त्या आठ दिवसांत घरातल्या कुणाचा वेळ कुणाच्या कामात जातो हे दिसलं, तर तेही एकमेकांना दाखवा. पाच तास आणि दीड तास ही वाटणी वहीत दिसू लागली की डबा कोण करतं हा प्रश्न निदान जेवणाच्या टेबलावर तरी येईल.

भाचीच्या भिंतीवर आता पाचवा कागद आहे. एकच रंग, निळा. सकाळी तीन तास, संध्याकाळी अडीच, आणि मधला सगळा भाग तिने कोरा सोडला आहे. गेले सात आठवडे तो तिथे आहे, त्यावर नवा कागद लागलेला नाही. परीक्षेचं काय व्हायचं ते होईल, ते तिच्या एकटीच्या हातात नाही. पण दहा वाजता ती हरलेली नसते.

आणि माझ्याकडे पुढच्या आठवड्यात एका दिवाळी अंकाचे अकरा फर्मे येणार आहेत. त्यातले सात होतील, असं मी संपादकांना आजच कळवलं आहे.